प्रश्न क्रमांक अकरा

मूळ प्रश्नावली तेहतीस प्रश्नांची,
कुठल्यातरी थंड देशात जन्मलेली.
मी तिचं मराठी केलं अमरावतीला, मार्चअखेर,
मांडीवर शब्दकोश, पाठीशी खडखडणारा कूलर.
परवलीचा शब्द. संचिका. विश्वासार्ह स्रोत.
मानकर सरांनी मूळ न बघता ते परत इंग्रजीत नेलं
तेव्हा परवलीचा शब्द झाला
पहारेकऱ्याची खूण.
आम्ही हसलो, आणि ठेवला तसाच.

बोरखेडी, तालुका मानोरा.
समाजमंदिराच्या ओट्यावर सतरंजी,
बचत गटाच्या एकोणीस बाया
आणि दुर्योधन मेश्राम, कोतवाल,
ज्याला कोणी बोलावलं नव्हतं. "मी बी भरतो."

पूर्णपणे सहमत, सहमत, सांगता येत नाही,
असहमत, पूर्णपणे असहमत, मी वाचून दाखवलं.
गोकर्णाबाई ढोके म्हणाल्या,
"सहमत कोनाशी व्हाचं व? इथं तं कोनी भांडतच नाही."

मग पाचही चौकोनांवरचे शब्द खोडून
पेननं लिहिलं, वीस प्रतींवर, वीस वेळा:
फटकन जमते
जमते
जमते बी, नाही बी
जमत नाही
मले नोको विचारू

संचिका तिथंच वारली.
परवलीच्या शब्दापाशी शेवंता आत्राम थांबली.
"थो लॉकाचा आकडा? मंग असं सांग नं.
थो सगळ्यायले माहीत हाय,
कोठीच्या दारावर खडूनं लिहून ठेवला,
पोट्टं शाळेतून आलं का खोलते."
तिचा गुण किती धरायचा
हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

अकरावा प्रश्न:
मोबाइलवर आलेली गोष्ट खरी की खोटी, हे मला ओळखता येतं.
गोकर्णाबाईंनी फटकन जमते वर खूण केली,
इतकी दाबून की कागद फाटला.

पंधरा दिवसांनी पुन्हा जायचं.
तीच माणसं, तेच प्रश्न, तोच क्रम.
उत्तरं तीच आली तर प्रश्नावलीचा भरवसा धरायचा,
असं शास्त्र आहे.

मी गेले चोविसाव्या दिवशी.
आधी सरांचं सेमिनार, मग मावसबहिणीचं लग्न.
"पंधरा म्हनली होती तू,"
गोकर्णाबाई सतरंजी झटकत म्हणाल्या.
"सोळाव्या दिवशी बी टाकून पाह्यली."

दुर्योधनची तेहतीसच्या तेहतीस उत्तरं जुळली.
सर खूश झाले असते.
त्यानं पहिल्या खेपेचा कागद
मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता,
शेजारी धरून उतरवत होता.

आणि गोकर्णाबाई अकराव्याशी आल्या,
पेन्सिल फिरवत राहिल्या,
मग चौथा चौकोन. जमत नाही.
काहून, मी विचारलं. विचारायचं नसतं खरं तर.
"तू गेली तवापासून
येईन त्या मेसेजले मी पुसतो,
खरा हायेस का बापा?
थो काही बोलत नाही.
पह्यले पुसतच नव्हतो, तं जमत होतं."

अल्फा शून्य पूर्णांक एक्क्याऐंशी. बरा आहे.
फक्त अकराव्याची दोन उत्तरं एकमेकांना ओळखेनात.
गोकर्णाबाईंचीच नव्हे, अकरा जणींची.
"प्रश्न अस्थिर आहे," सर म्हणाले, "काढून टाका."
काढला. बत्तीस उरले.
अल्फा थोडा वर सरकला.

रात्री पद्धतीचं प्रकरण लिहायला बसले.
दोन चाचण्यांतील अंतर, या शीर्षकाखाली
टाइप केलं: सुमारे दोन आठवडे.
कूलरमधलं पाणी संपलं होतं, नुसती हवा येत होती.
मी त्या वाक्याला पुसून पाहिलं.
ते काही बोललं नाही.